कौलाआधीचा शिक्का

लग्न होऊन या वाडीत येऊन मला जेमतेम तीन-चार महिने झाले असतील. सकाळी स्वयंपाकघरात घावणे घालत होते. तेवढ्यात एक उंच, वाळकुडा म्हातारा मागच्या दारानं आत आला. ना हाक, ना खाकरणं. सरळ भिंतीवरच्या कॅलेंडरापाशी गेला, दोन-तीन पानं उलटली, खिशातून एक चपटी डबी काढली, खोडरबराचा तुकडा तिच्यात दाबला आणि एका चौकोनावर टेकवून त्यावर अंगाचा सगळा भार टाकला. मी हातात उलथनं धरून विचारलं, "अहो, कोण पाहिजे तुम्हाला?" त्यानं मागं न बघताच ओठांवर बोट ठेवलं. "शाय सुकासर कोणी बोलाचा नाय," असं पुटपुटला आणि त्या चौकोनावर हळूहळू फुंकर घालत उभा राहिला. माझा घावणा करपला. सासूबाईंनी मात्र मान वर न करता चहाच्या आधणात आणखी एक कप पाणी ओतलं.

चहा पिऊन, "बरी आसस मां गो, बाय?" एवढं विचारून तो माणूस आला तसा गेला. मी सासूबाईंना विचारलं, हे कोण? "बाबी. शेजारचो. जत्रा मारूक इललो." मी मूळची गडहिंग्लजकडची. आमच्याकडे जत्रा भरते, लोक जत्रेला जातात. कोणी परक्याच्या स्वयंपाकघरात शिरून जत्रा मारून जात नाही. कॅलेंडराजवळ जाऊन बघितलं, तर माघातल्या एका सोमवारच्या चौकोनात तांबड्या शाईची इवलीशी दीपमाळ उमटली होती.

ही बाबीकाकांची आणि माझी पहिली भेट. पुढे इतकी वर्षं आम्ही शेजारी राहिलो, एका विहिरीचं पाणी प्यालो, त्यांच्या पडवीतली प्रत्येक वस्तू मला डोळे मिटून सांगता येईल, पण तो माणूस मला पुरता कळला असं मी म्हणणार नाही. कळेल कळेल असं वाटायचं आणि नेमक्या त्याच वेळी ते काहीतरी असं बोलायचे की मी पुन्हा पहिल्या पायरीवर. आता ते नाहीत. म्हणजे विचारायचीही सोय गेली.

ते कॅलेंडर त्यांच्याच हातचं होतं. तरुणपणी काका आंब्याच्या एका बागेत पेट्यांवर ठसे मारायच्या कामाला होते. लाकडी पेटी भरली, खिळे ठोकले की तिच्यावर बागेचं नाव आणि प्रत यांचे ठसे मारायचे. पुढे पुठ्ठ्याचे खोके आले, तेही छापूनच, आणि काकांचं काम गेलं. "काम गेला, पण हात उगी रवना नाय," ते सांगायचे. पावसाळा संपला की समुद्र किनाऱ्यावर काय काय आणून टाकतो. जाळ्यांचे तुकडे, बाटल्या, आणि रबरी चपला. चपला नेहमी एकेकट्या, जोड कधी मिळायचा नाही. काका त्या गोळा करून आणायचे, धुवायचे, उन्हात वाळवायचे आणि अर्ध्या ब्लेडनं तळ कोरून त्याचे शिक्के करायचे. मासा, होडी, नारळ, गाय, कात्री, बॅग. पडवीत दोरीवर ओळीनं एकेक पायाच्या चपला टांगलेल्या असायच्या. आमच्या घरगुती निवासात उतरलेले पाहुणे विचारायचे, त्या घरात एवढी माणसं राहतात का? त्या घरात एकटे बाबीकाका राहायचे. काकी माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या.

देवांचे शिक्के मात्र चपलेचे नाहीत. "माणसांका चपली चलतत. देवाक नवीन रबर व्हया," असा त्यांचा नियम. त्यासाठी देवगडहून खोडरबर यायचं. पण नवीन रबर आणलं म्हणून देव चांगला येतोच असं नाही. चतुर्थीच्या शुभेच्छांची कार्डं करायला त्यांनी एका वर्षी गणपती कोरला. तो हुबेहूब फणसासारखा आला. मी ती कार्डं पाहुण्यांसाठी ओटीवर मांडली, तर एका बाईंनी सात-आठ कार्डं उचलली आणि म्हणाल्या, "किती गोड! कोकणचा फणस!" मला हसू आवरेना. मी काकांना सांगितलं, तर ते जरा विचारात पडले. मग म्हणाले, "तेनी हात जोडल्यान काय?" नाही म्हटलं. "मगे फणसच तो. हात जोडल्यार गणपती." आणि पुढची कितीतरी वर्षं तोच शिक्का चतुर्थीला गणपती म्हणून आणि मे महिन्यात फणस म्हणून चालवला. हा भाविकपणा की चावटपणा, हे मला तेव्हाही ठरवता आलं नव्हतं.

काकांचं वर्ष दिवाळीच्या पाडव्याला सुरू व्हायचं. जाडा कागद, त्यावर पट्टीनं आखलेले चौकोन, चौकोनात आकडे शिक्क्यानं मारलेले, आणि प्रत्येक घराचं कॅलेंडर वेगळं. "छापील ता जगाचा. ह्या तुझ्या घराचा." माझ्या कॅलेंडरात पाहुण्यांच्या हंगामावर बॅगा असायच्या, सासऱ्यांच्या तिथीवर तुळशीचं पान, सोमवार-गुरुवार-शनिवारी माशाच्या नुसत्या काट्याचं चित्र, म्हणजे आज मासे नाहीत. खालच्या घरच्या कॅलेंडरात होड्या वर ओढायचा दिवस, त्याच्या पलीकडे गाय कधी व्यायची तो अंदाज. एवढं सगळं भरलेलं, आणि त्यात एकच गोष्ट नसायची. गावच्या जत्रेचा दिवस.

कारण आमच्या देवीची जत्रा ठरलेल्या तिथीला नसते. तिला विचारावं लागतं. भात कापून, झोडून झालं की मानकरी देवळात जमतात. गुरव देवीच्या पाषाणावर ओल्या कळ्या चिकटवतो, मानकऱ्यांतले थोरले तात्या गाऱ्हाणं घालतात आणि एकेक दिवस देवीपुढे ठेवतात. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. यालाच कौल म्हणायचं. कौल झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी काका दीपमाळेचा शिक्का आणि तांबड्या शाईची डबी घेऊन निघायचे आणि घरोघरी जाऊन त्या चौकोनात जत्रा मारायचे. त्यांच्या मागे कोणी तारीख विचारत बसायचं नाही. भिंतीवर तांबडी दीपमाळ आली, म्हणजे ठरलं.

काकांना एकच मुलगा, संजू. मुंबईला नोकरी, तिकडेच बायको, तिकडेच मुलगी. वाईट मुलगा नव्हे. फोन करायचा, औषधं पाठवायचा. पण वर्षानुवर्षं त्याचं गावी येणं झालं नव्हतं. गणपतीत बायकोच्या माहेरी, मे महिन्यात मुलीचे क्लास. जत्रेला येतो म्हणायचा, आणि तेही दरवर्षी राहून जायचं. काकांचा फोन साधा, बटणांचा, आणि कानाला कमी ऐकू येत असल्यानं तो मोठ्या आवाजावर लावलेला, त्यामुळे बापलेकांचं बोलणं मला माझ्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, बसून ऐकू यायचं. "बाबा, तुमची तारीख कळता उशिरा. तवसर गाडयो भरतत, रजा मिळणा नाय. तारीख आदी कळली तर मी येतलंय." काका म्हणायचे, "देवीक सांगू काय, वाईच लवकर सांग म्हणान?" दोघे हसायचे आणि फोन ठेवायचे. मला ते हसणं ऐकवायचं नाही.

गेल्याच्या गेल्या दिवाळीत काकांनी नेहमीसारखं संजूला शुभेच्छांचं कार्ड पाठवलं. आकाशकंदील, पणत्या, कोपऱ्यात फणस-गणपती. पोस्टात मीच टाकलं, पाकीट बंद होतं. पाच-सहा दिवसांनी वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर संजूनं त्याचा फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, "जत्रेची तारीख इली." बघते तर कार्डाच्या आतल्या बाजूला माघातला एक सोमवार, आणि त्याच्यावर तांबडी दीपमाळ.

कौलाला अजून महिना-दीड महिना होता.

ग्रुपवर एकानं विचारलंही, "कौल झालो?" दुसऱ्यानं उत्तर दिलं, "बाबीकाकांचो शिक्को आसा मां?" झालं. एवढ्यावर सगळ्यांचं समाधान. बुकिंग उघडल्या उघडल्या बोरिवलीपासून डोंबिवलीपर्यंतच्या आमच्या यच्चयावत लोकांनी त्या सोमवारच्या आधीची तिकिटं काढली. माझ्याकडच्या खोल्या नातेवाइकांनी धरून ठेवल्या. इथे गावात बसलेल्या आम्हालाही वाटलं, कौल होऊन गेला असेल, आपल्यालाच कळलं नसेल. मी घाईघाईनं स्वयंपाकघरातलं कॅलेंडर उलटून बघितलं. माघाच्या पानावर जत्रा नव्हती.

मी तशीच काकांच्या पडवीत गेले. ते एका निळ्या चपलेतून खेकडा कोरत होते.

"काका, माझ्या कॅलेंडरात जत्रा नाही. मग संजूच्या कार्डावर कशी आली?"

"तुका खंय गाडीचा तिकीट काढूचा आसा?"

"पण कौल झाला नाही ना?"

"नाय."

"मग तारीख आली कुठून?"

"सोमवार बगून घातलंय."

"आणि देवीनं दुसराच दिवस दिला तर?"

"दिता ती," काका खेकड्याचा एक पाय अलगद सोडवत म्हणाले. "देवी आसा ती."

मी परत आले. नवऱ्याला सांगितलं. काकांना विसर पडायला लागलाय का, अशी शंका आली. पण विसर पडलेला माणूस "नाय" असं इतकं स्पष्ट सांगत नाही. मग देवीनं स्वप्नात वगैरे सांगितलं असेल? तसंही ते म्हणाले नव्हते. मला राग आला होता, कीव येत होती, आणि यांतलं नक्की काय येतंय तेच कळत नव्हतं.

तात्यांना मात्र फक्त राग आला होता. ते संध्याकाळी काठी आपटत काकांकडे आले आणि खळ्यातूनच बोलायला लागले. "बाबी, आमका देवी सांगता ती कौलाक. तुका दिवाळयेक सांगल्यान?"

"माका खंय सांगल्यान? मियां तसा म्हणूक नाय."

"मगे शिक्को कित्याक मारलंस?"

"झिलाक, संजूक बोलवूक."

"झिलाक बोलवूचो होतो तर मासो मारूचो, नारळ मारूचो. दीपमाळ तुझी न्हय, बाबी. ती गावाची. तिच्यार लोकांनी इश्वास ठेवल्यानी."

काकांनी हातातलं ब्लेड खाली ठेवलं. मग म्हणाले, "ता खरा."

तात्यांना भांडण अपेक्षित होतं. ते मिळेना म्हणून त्यांचाही जरा गोंधळ झाला. शेवटी असं ठरलं की कौलाला पहिल्यांदा हाच सोमवार देवीपुढे ठेवायचा. तिनं दिला तर सगळ्यांचीच अब्रू राहील. नाही दिला तर काकांनी दीपमाळेचा शिक्का मानकऱ्यांच्या हाती द्यायचा आणि पुन्हा कुणाच्या घरात जत्रा मारायला जायचं नाही. काकांनी मान हलवली. तात्या गेल्यावर मी म्हटलं, "काका, हे काय कबूल करून बसलात?" ते म्हणाले, "तेका चाय इचारूची रवली."

कौलाच्या दिवशी देवळात एवढी गर्दी मी कधी पाहिली नव्हती. आम्ही बायका बाहेर सभामंडपात उभ्या होतो. काका अगदी मागे, खांबाला टेकून, एक हात खिशात. गुरवानं कळ्या लावल्या. तात्यांनी तो सोमवार देवीपुढे ठेवला. थोड्या वेळानं कळी पडली. डावी.

तात्यांनी घसा साफ केला आणि पुन्हा गाऱ्हाणं घातलं, या वेळी जरा लाडीगोडीचं. "बा देवी म्हाराजा, लेकरा मुंबयसून येतली आसत, तेंनी तिकिटा काढलली आसत, रजा घातलली आसत. काय चुकला-माकला आसात तर वाईच सांभाळून घे, म्हाराजा..." "व्हय म्हाराजा!" लोक एरवीपेक्षा दुप्पट आवाजात ओरडले. मीही ओरडले. माझं माहेर घाटावर, मला हे सगळं आधी खोटं वाटायचं, पण त्या दिवशी मी ओठ चावून त्या उजव्या कळीकडे बघत होते. बराच वेळ काहीच पडेना. मग पुन्हा डावी पडली. तात्यांनी घाम पुसला आणि पुढचा सोमवार ठेवला. गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत उजवी कळी टपकन खाली आली. काही लोक हसले, काही चिडले, दोघा-तिघांनी तिथल्या तिथे मुंबईला फोन लावले.

मी काकांकडे बघितलं. मला वाटलं होतं, त्यांचा चेहरा पडला असेल. तर त्यांच्या चेहऱ्यावर चक्क समाधान होतं. ते पुढे गेले, खिशातला शिक्का तात्यांच्या हातावर ठेवला, देवीला नमस्कार केला आणि घरची वाट धरली. वाटेत मी विचारलं, "काका, तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"बरा झाला गो, बाय. माझा आयकान देवीन तारीख दिल्यान आसती, तर उद्यापासून मियां भरवसो कोणाचो धरू?"

म्हणजे त्यांना नक्की काय हवं होतं? मुलगा यावा म्हणून त्यांनी खोटा शिक्का मारला, आणि देवीनं तो खोटा पाडला याचा त्यांना आनंद झाला. एका माणसाच्या मनात हे दोन्ही एका वेळी कसं मावतं, याचा मी आजवर विचार करते आहे.

दुसऱ्या दिवशी तात्या स्वतः शिक्का घेऊन घरोघरी निघाले. पहिल्याच घरात दीपमाळ उलटी मारली. दुसऱ्या घरात शाई फासली गेली. आमच्याकडे तर ते बोलत बोलतच मारायला लागले, तेव्हा सासूबाईंनी त्यांचा हात धरला. "तात्यानू, तुमी चाय घेवा. ह्या तुमचा काम न्हय." दुपारपर्यंत तात्यांनी शिक्का काकांच्या पडवीत नेऊन ठेवला. "तूच मार बाबा," म्हणाले, "लोक माका घरात घेयत नाय." मग काका निघाले. त्या वर्षी प्रत्येक घरात त्यांना आधी तिकिटांवरून बोलणी खावी लागली आणि मग चहा मिळाला. ते दोन्ही घेत गेले. शाई सुकेपर्यंत मात्र पूर्वीसारखंच सगळे गप्प राहिले.

ग्रुपवर कौलाच्याच संध्याकाळी खरी तारीख पडली होती. कुणी तिकिटं बदलली, कुणी रद्द केली, कुणी काकांच्या वयाचा विचार न करता नको ते लिहिलं. संजूनं काहीच लिहिलं नाही. काकांना त्याचा फोनही आला नाही, आणि काकांनी केला नाही.

"काका, संजूला फोन करा ना," मी दोन-तीनदा म्हटलं. "चुकलं म्हणून सांगून टाका."

"चुकूक खंय? चुकलंय आसतंय तर सांगलंय आसतंय. मियां खोटा बोललंय. ता येगळा." मग थोड्या वेळानं, "आता तो कधीच येवचो नाय गो." हे त्यांनी इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मला तिथं उभं राहवेना.

तो खोटा सोमवार जवळ आला. आदल्या दिवशी सकाळी काका आमच्या खळ्यात बसून नारळ सोलून देत होते. गेटपाशी एक रिक्षा थांबली. आधी एक लहान मुलगी उतरली, मग तिची आई, मग दोन बॅगा घेऊन संजू. काकांच्या हातातला नारळ घरंगळत गेला.

"अरे," ते उठून उभे राहिले. "अरे, जत्रा उद्या नाय रे. फुडच्या सोमवारी आसा."

"म्हायत आसा, बाबा. ग्रुपवर वाचलंय."

"मगे इलस कित्याक?"

संजूनं बॅगा खाली ठेवल्या. "रजा मंजूर झालली."

"ती बदलून घेवची. जत्रेक येवचा."

"कित्याक बदलू?"

काकांनी माझ्याकडे बघितलं, जणू मी काहीतरी सांगणार आहे. मी काय सांगणार? मी डोळ्यांना पदर लावला आणि चहा टाकायला आत पळाले. चहात साखर घातली की नाही हेही नंतर आठवेना. सगळ्यांनी बिनबोलता प्यायला, म्हणजे बहुधा नव्हतीच.

ते लोक चार-पाच दिवस राहिले. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली तो मुलगा घरात, आणि काकांना काय करावं ते समजेना. जत्रा असती तर कामं असती, पाहुणे असते, रात्रीचं दशावतारी नाटक असतं. इथे काहीच नव्हतं. बाप आणि लेक पडवीत दोन टोकांना बसलेले दिसायचे. काका मला विहिरीवर गाठून हळूच विचारायचे, "गो बाय, तो दिसभर करतलो काय?" नात रिया दुसरीतली. तिला आईनं जत्रा म्हणजे पाळणा आणि खेळणी एवढं सांगून आणलेलं. ती विचारायची, "आजोबा, जत्रा कुठे आहे?" काका तिला देवळापुढच्या मोकळ्या मैदानात घेऊन गेले. मी दुरून बघत होते. रिकाम्या जागेवर उभं राहून ते तिला दाखवत होते, हंय पाळणो, थंय खाज्याची दुकाना, थंय बांगडये. आणि ती पोर प्रत्येक ठिकाणी थांबून, मान वर करून, नसलेला पाळणा बघत होती. मग तिनं विचारलं, "मी बसू?" काका म्हणाले, "बस." ती जमिनीवरच बसली आणि ते तिच्याभोवती फिरले. म्हातारा माणूस गोल गोल फिरतोय आणि मुलगी मधे बसून खिदळतेय. वाटेनं जाणारे थांबून बघत होते.

शेवटी शेवटी संजूही पडवीत खाली मांडी घालून बसला आणि वडिलांबरोबर कार्डांना शिक्के मारू लागला. त्याचा हात अगदीच जड. मासे सगळे पाठीवर पडलेले. काका प्रत्येक मासा बघून "बरो आसा" म्हणायचे. मला माहीत होतं, तसला मासा माझ्याकडून आला असता तर त्यांनी कागद फाडून टाकला असता.

जत्रेच्या आधीच त्यांना परत जावं लागलं. रजा संपली होती. एस.टी. थांब्यावर काका आणि मी सोडायला गेलो. गाडी दिसायला लागली तेव्हा काका एकदम घाईनं म्हणाले, "संजू, मगे फुडच्या वर्साक खंयची तारीख घालू?"

संजूनं रियाला कडेवर घेतलं. "तुमका व्हयी ती घाला. मी येतंय."

गाडी गेली. आम्ही परत चालू लागलो. काका वाटेत तीन वेळा थांबले. मी विचारलं, "मग? कुठली घालणार?"

"कळना नाय गो. जल्मभर दुसऱ्यांनी दिलले तारीखे मारलंय. तुका खंयची व्हयी, ह्या माका कोणी कधी इचारूकच नाय."

मला वाटलं, बोलून सोडून देतील. पण त्यांनी ते मनावर घेतलं. जत्रा झाली, शिमगा झाला, आंबे उतरले, तरी त्यांचं ठरेना. संध्याकाळी येऊन बसायचे आणि एकेक महिना घेऊन मोडीत काढायचे. मी म्हणायचे, "मे महिन्यात बोलवा, पोरीला सुट्टी असते." नको, तेव्हा आंबे खायला येणं झालं. "मग दिवाळीत?" तेव्हा सण. मी शेवटी वैतागून म्हटलं, "काका, चतुर्थीला बोलवा. सगळं गाव येतं."

"ताच तर," ते म्हणाले. "चतुर्थेक सगळेच येतत. गणपतीक येतत. तो माका बगूक इलो, ह्या माका कसा कळात? ज्या दिसाक कायच नाय, असो दिस व्हयो."

असा दिवस ते शोधत राहिले. ज्याच्यावर देव नाही, सण नाही, तिथी नाही, आंबा नाही, कुणाची गाय व्यायची नाही. स्वतःचं कॅलेंडर मांडीवर घेऊन बोट फिरवत बसायचे आणि मान हलवायचे. त्यांच्याच हातानं ते इतकं भरून ठेवलेलं होतं की त्यांना जागा सापडेना.

आषाढातल्या एका बुधवारी, पाऊस धो धो कोसळत असताना, काका झोपेतच गेले. संजूला मीच फोन केला. तो येईपर्यंत बायका घर आवरत होत्या आणि मी त्यांच्या पडवीतल्या कॅलेंडरापाशी उभी होते. त्या बुधवारच्या चौकोनात आकड्याखेरीज एकही शिक्का नव्हता. संध्याकाळी संजू भिजत आला आणि वडिलांच्या पायाशी बसून राहिला.

काका कसला दिवस शोधत होते ते त्याला माहीत नाही. त्याला सांगावं की सांगू नये, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही.